तळ्याचं तोंड

पोकलेन येऊन वाळूच्या दांड्यावर उभं राहिलं त्याला आठवडा झाला होता आणि अजून त्यानं बादलीभरही वाळू उपसली नव्हती. ड्रायव्हर बेदरी त्याच्याच सावलीत ताडपत्री अंथरून पडलेला असायचा. जाग आली की सिगारेट पेटवायचा, समोरच्या खड्ड्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. खड्ड्यात कुमाझी गावची माणसं फावड्यांनी वाळू काढत होती. काढावी त्यातली निम्मी पाण्याबरोबर परत आत घसरत होती.

खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत नेरिमान बसलेली असे. ती बसली होती म्हणूनच पोकलेन थांबलं होतं.

“वहिनी,” बेदरी एकदा तिला म्हणाला, “या बादलीनं मी अंडं उचलून दाखवतो. टरफलाला तडा जाणार नाही.”

“अंडी बाजारात जाऊन उचल,” नेरिमान म्हणाली. “खाली माझा नवरा आहे.”

खड्ड्यातल्या एकाला बेदरीचा चेहरा बघून हसू आलं. मग त्या हसण्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो एकदम जोरजोरात फावडं मारायला लागला.

इल्गिन हे होडीतून ऐकत होती. नेरिमान तिची आई. आणि खाली वाळूत कुठेतरी तिचे बाबा होते. तहसीन, कुमाझीच्या खाऱ्या तळ्याच्या झडपा राखणारे.

तळं आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा लांब दांडा आहे. दांड्याला एकच तोंड, आणि त्या तोंडात दगडी खांबांच्या मध्ये बसवलेल्या लोखंडी जाळीच्या झडपा. वसंतात झडपा वर असतात तेव्हा बोटाएवढी बोय मासळी समुद्रातून आत येते. तळ्यात चरते, वाढते, आणि शरद ऋतूत पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, भरली की तिला परत समुद्राची ओढ लागते. मग सगळं गाव झडपांवर डोळा ठेवून बसतं. पाणी आत येत असेल तोवर झडपा वर, कारण तळ्याला ताजं पाणी हवं असतं. पाणी उलटलं, बाहेर वाहायला लागलं, की झडपा खाली. नाहीतर वर्षभर राखलेली बोय बघता बघता समुद्रात निघून जाते आणि मेण लावून वाळवलेल्या गाबोळीवर चालणारी घरं वर्षभर हात चोळत बसतात.

म्हणून कुमाझीत एक रीत होती. पाणी उलटलेलं ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. चहाखान्यातून, गच्चीवरून, कपडे वाळत घालता घालता, कुठूनही. “झडप!” एवढंच. जो पहिला ओरडेल त्याला रुस्तेमच्या चहाखान्यात चहा फुकट. पोरं बोलायला लागली की पहिल्या काही शब्दांमध्ये हा एक असायचा. तहसीन जिथे असतील तिथून हात वर करायचे आणि तोंडावरच्या लाकडी पुलाकडे पळायचे. झडप सोडायची आणि वर लोखंडी अडसर सरकवायचा, म्हणजे पाण्याच्या जोरानं ती उचलली जात नाही.

त्या दिवशी दुपारी जमीन हलली. बराच वेळ हलली. काही धुराडी पडली, मशिदीच्या भिंतीला भेग गेली. भिंतींपासून लांब मोकळ्यावर उभं राहावं म्हणून सगळं गाव धक्क्यावर जमलं. तहसीनही होते. कुणीतरी चहा फिरवला. भीती उतरायला लागली की माणसं बोलतात तशी सगळी मोठमोठ्यानं बोलत होती, फोनवर नातेवाइकांना “आम्ही बरे आहोत” म्हणून ओरडून सांगत होती. आणि मग धक्क्याला बांधलेल्या होड्या हळूहळू खाली जायला लागल्या.

समुद्र मागे जाण्याचं कुमाझीला भय नव्हतं. हिवाळ्यात थंड, निवांत दिवशी तो नेहमीच मागे जातो. त्याला ‘समुद्र ओढला’ म्हणतात, आणि बायका टोपल्या घेऊन उघड्या पडलेल्या चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचायला उतरतात. ऑक्टोबरात कधी ओढत नाही, एवढं खरं. पण त्या क्षणी कुणाच्या मनात ते आलं नाही. सगळ्यांच्या नजरा तळ्याच्या तोंडाकडे गेल्या. तिथून पाणी असं खळाळत बाहेर चाललं होतं, की खांबांना फेस येत होता आणि त्या फेसात बोयींच्या पाठी चमकत होत्या.

“झडप!” कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. बायका, पोरं, इमामसुद्धा. सगळ्यांत वर आवाज होता रुस्तेमचा, कारण तळ्याच्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष तोच होता. “तहसीन! अरे बघतोस काय, झडप!”

तहसीननी चहाचा पेला कठड्यावर ठेवला आणि ते धावले.

पाणी परत आलं तेव्हा त्याला लाट म्हणावी असं काही नव्हतंच, लोक नंतर सांगत. नुसतं वाढत आलं, न थांबता. धक्क्यावरचे लोक चढणीवर पळाले, होड्या गल्लीत शिरल्या, चहाखान्यात खुर्च्या तरंगल्या. पण दांड्याच्या अरुंद तोंडात ते सगळं पाणी एकदम घुसलं, आणि येताना समोरच्या किनाऱ्याची वाळू घेऊन आलं. पाणी उतरलं तेव्हा तोंड नव्हतंच. पूल नव्हता, खांब दिसत नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, ओली, स्वच्छ वाळू होती.

गावात आणखी कुणी गेलं नाही.

*

इल्गिन तेव्हा इझमिरमध्ये होती. हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावांचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. शिकली होती ती किनाऱ्यांबद्दल, पण नोकरी मिळाली ती तलावांची. बातमी कळल्यावर प्रयोगशाळेतलं पाण्यातला प्राणवायू मोजणारं मीटर पिशवीत टाकून ती निघाली. का टाकलं हे तिलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं जाववलं नाही, एवढंच.

शिकत असताना ती एकदा बाबांना घेऊन तळ्याच्या मध्यावर गेली होती. दोघांनी मिळून एक लांब पाइप गाळात ठोकला, वर काढला आणि होडीतच उभा चिरून उघडला होता. काळा गाळ, काळा गाळ, आणि मध्येच बोटभर जाडीचा पांढऱ्या वाळूचा थर. त्यात समुद्रातले बारीक शिंपले.

“हे काय मध्येच?” बाबांनी विचारलं.

“समुद्र एकदा दांड्यावरून आत आला असणार. तुमच्या पणजोबांच्याही खूप आधी.”

बाबांनी थरावर अंगठा फिरवला. “म्हणजे तेव्हा झडपेवर कुणी धड माणूस नव्हता.”

चहाखान्यात तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा आईचा भाऊ रुस्तेममामा केवढा हसला होता. “त्सुनामी जपानला येते पोरी! आपला समुद्र केवढा? पलीकडच्या बेटावर ग्रीकांचा कोंबडा आरवला की आपल्याला जाग येते. एवढ्याशा न्हाणीत कसली लाट?” तिनं सांगायचा प्रयत्न केला, की लहान समुद्राचं दुखणं तेच आहे. त्यात सगळंच जवळ असतं. जमिनीतली भेगही जवळ आणि किनाराही जवळ. महासागरात लाटेला पोचायला तास लागतात, भोंगे वाजतात, लोक डोंगर चढतात. इथे पेल्यातला चहा निवायच्या आत पाणी दारात असेल. लोकांनी ऐकून घेतलं. मग कुणीतरी पत्ते काढले.

आता तोच रुस्तेममामा रोज सकाळी तिची होडी परत येण्याची वाट बघत दांड्यावर उभा असायचा.

प्रश्न असा होता. तोंड बुजल्यामुळे तळं समुद्रापासून तुटलं होतं. पाण्यानं येताना उपसागराच्या तळाचं समुद्री गवत मुळासकट उपटून आत आणून टाकलं होतं. वर्षाला बोटभर पुढे सरकणारं, माणसांच्या कित्येक पिढ्यांहून जुनं गवत. ते आता तळ्याच्या तळाशी कुजत होतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खात होतं. वरच्या टोकाला, जिथे झऱ्याचं गोडं पाणी येतं तिथलं लव्हाळं मिठानं करपून तपकिरी पडलं होतं. रोहित पक्षी दोन दिवस घिरट्या घालून निघून गेले होते. पण बोय आत होती. झडप वेळेत पडली होती म्हणूनच आत होती. तोंड उघडलं, समुद्राचं पाणी खेळलं, तर बोय वाचणार होती, पुढच्या वसंतात पिल्लं येणार होती. नाही उघडलं तर नाही.

पोकलेनला त्यासाठी दोन दिवस पुरले असते.

“पोकलेन लागलं की माणूस कसा निघतो, मला माहीत आहे,” नेरिमान म्हणाली होती. खाणीत तिचा एक चुलतभाऊ दरडीखाली गेला होता. पोकलेननं काढला होता. त्याच्या आईला तोंड दाखवलं नव्हतं.

आणि इमामांनी सांगितलं होतं, समोर मय्यत नसेल तर आपल्यात जनाज्याची नमाज होत नाही. त्यांना ते सांगताना फार जड गेलं होतं. ते पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. “काही जागी पढतात, वहिनी. मी नाही म्हणत नाही. पण मी शिकलो ते असं.” शेजारणी रवा आणि पाइनच्या बिया घेऊन आल्या होत्या, मेलेल्या माणसाच्या नावानं हलवा करायला. नेरिमाननं त्यांना दारातूनच परत पाठवलं. “जनाजा नाही तर हलवा कसला? कढई चढवायची ती तो घरी आल्यावर.”

म्हणून फावडी. म्हणून खड्ड्याच्या कडांना चटया आणि फळ्या, म्हणून दिवसभर धडधडणारा पंप.

*

“काय म्हणतंय तळं?” रुस्तेम होडीची दोरी पकडत रोज विचारायचा.

पहिले काही दिवस इल्गिननं खरं सांगितलं, कारण खरं बरं होतं. मग तळाशी प्राणवायू संपला. मग मधल्या थरात उतरायला लागला. एका सकाळी मीटर वर ओढताना वायरला सडक्या अंड्यांचा वास आला आणि तिला कळलं, की तळाशी आता नुसता प्राणवायूचा अभाव नाही, विष तयार होतंय. ते विष खाली दबून आहे तोवर बोय वरच्या पाण्यात तग धरेल. दक्षिणेचा गरम वारा सुटला, पाणी ढवळलं गेलं, की खालचं वर येईल.

होडी काठाला लागली. खड्ड्यात माणसं वाळू काढत होती. आई खुर्चीत होती. तिच्या मांडीवर बाबांचा लोकरीचा स्वेटर घडी घालून ठेवलेला होता, कारण सापडतील तेव्हा ते गार पडलेले असतील असं ती म्हणे. कुणी तिला दुरुस्त करत नसे.

“काय म्हणतंय?” मामानं विचारलं.

“धरून आहे,” इल्गिन म्हणाली.

“थांबता येईल?”

“येईल.”

रुस्तेमनं तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि खड्ड्याकडे वळून ओरडला, “चला रे, हात चालवा! तळं धरून आहे!”

पुढच्या सकाळीही ती तेच म्हणाली. त्याच्या पुढच्याही. जीभ अडखळली नाही, याचं तिला होडीत एकटीला नवल वाटायचं. आकडा खोटा सांगणाऱ्या माणसाबद्दल आजवर तिला नुसता तिटकारा होता. प्रयोगशाळेत एका सहकाऱ्यानं तलावाचा आकडा हॉटेलसाठी ‘थोडा सुधारून’ दिला होता तेव्हा तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

दुपारी ती आईसाठी ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह घेऊन जायची. आई ऑलिव्हच्या बिया वाळूत न टाकता डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला बांधून ठेवायची.

“बेदरी म्हणतो, हातानं काढायला महिना लागेल,” आई म्हणाली.

“तो पैशांसाठी म्हणतो.”

“तळ्याचं काय गं? खरं सांग.”

“धरून आहे आई.”

आईनं तिच्या गालाला हात लावला. हाताला वाळू होती. “तुझ्यामुळे बरं झालं. नाहीतर या लोकांनी मला कधीच उठवलं असतं. तू सांगतेस म्हणून गप्प आहेत.”

*

वारा सुटला तो संध्याकाळी. आधी उंबऱ्यांवर धूळ, मग खिडक्यांचे खडखडाट, मग ओव्हनचं दार उघडल्यासारखी ऊब. सकाळी तो पडला आणि इल्गिन दांड्यावर आली तेव्हा तळ्याचा रंग बदललेला होता. दुधात निळं औषध टाकावं तसं पांढुरकं, अपारदर्शक. पाणी अजिबात हलत नव्हतं.

हलत होतं ते एकाच ठिकाणी. बुजलेल्या तोंडाच्या आतल्या बाजूला, जिथून एरवी समुद्राचं पाणी येतं, तिथे हजारो बोयी दाटून आल्या होत्या. पाण्याबाहेर तोंडं काढून हवा गिळत होत्या. एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. समुद्र कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. मध्ये वाळू होती. वाम मासे पाण्यातून निघून थेट काठावर आले होते आणि ओल्या वाळूत वेटोळी करून पडले होते.

खड्ड्यात उतरलेली माणसं फावडी टेकून बघत उभी होती. बेदरी त्याच्या ताडपत्रीवर उठून बसला होता. त्यानं सिगारेट पेटवली नव्हती.

“रुस्तेमभाऊ,” तो म्हणाला, “चालू करू?”

रुस्तेम इल्गिनकडे बघत नव्हता. तो बहिणीकडे बघत होता. नेरिमान खुर्चीतून उठली होती आणि मासे बघत होती, जणू तिला कुणी काही विचारलंय आणि तिला नीट ऐकू आलेलं नाही.

तेवढ्यात खड्ड्यातून एकाचा आवाज आला. मोठा नव्हता. “लोखंड लागलं.”

मग कुणी माशांकडे बघितलं नाही. फावडी टाकून लोक हातांनी वाळू बाजूला करायला लागले. आधी खांबाचा दगड, मग जाळीचा वरचा दांडा, मग अडसर. अडसर पूर्ण सरकवलेला होता, खाचेत घट्ट बसलेला. झडप टाकली की ती स्वतःच्या वजनानं राहते थोडा वेळ. अडसर सरकवायला दोन्ही हात लागतात आणि पाठ समुद्राकडे करावी लागते. इल्गिन लहानपणापासून ते बघत आली होती. झडप टाकून बाबा लगेच वळले असते तर कदाचित चढणीपर्यंत पोचले असते.

ते खांब आणि झडप यांच्या कोपऱ्यात होते. गुडघ्यांवर बसल्यासारखे.

नेरिमान फळीवरून खाली उतरली. कुणी तिला धरलं नाही. तिनं स्वेटर उलगडला आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. मग तिनं अडसरावर हात ठेवला आणि वर, काठाकडे पाहिलं. खड्ड्यातून मासे दिसत नव्हते, पण त्यांचा आवाज येत होता, पावसात पत्रा वाजतो तसा.

“यांच्यासाठी आत गेला होता तो,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

तहसीनना वर आणल्यावर पोकलेन सुरू झालं. बेदरीनं दुपारची भाकरीसुद्धा खाल्ली नाही. तोंड उघडलं, समुद्राचं पाणी आत आलं, पांढऱ्या पाण्यात निळी रेघ ओढत गेलं. तोवर तळ्यावर सगळीकडे बोयींची पोटं वर आली होती.

*

दफनाच्या वेळी वारा तळ्याकडून येत होता. लोक रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या नाकाशी रुमाल होता, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं. इमामांनी नमाज पढवली. घरी शेजारणी आळीपाळीनं कढईत रवा परतत होत्या. प्रत्येकीनं तहसीनचं नाव घेऊन कालथा फिरवला.

कबरस्तानातून खाली येताना रुस्तेम इल्गिनच्या बरोबरीनं चालू लागला.

“तुझं ते मीटर,” तो म्हणाला, “तू जेवायला जायचीस तेव्हा होडीतच असायचं.”

ती थांबली.

“मला काय, आकडे वाचता येत नाहीत? संस्थेचं तळं चाळीस वर्षं बघतोय. वास तर गाढवालाही आला असता.”

“मग बोलला का नाहीस मामा?”

त्यानं रुमालानं मान पुसली. “त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? मी. पुन्हा मीच ओरडू, पोकलेन लावा म्हणून? तू म्हणालीस धरून आहे. मला बरं वाटलं गं. कुणीतरी म्हणालं ते बरं वाटलं.”

मग तो पुढे गेला. चालताना तो एकाएकी फार बुटका दिसत होता.

त्या आठवड्यात घराघरांतून माणसं निघाली. काही इझमिरला बांधकामावर, काही उत्तरेला दुसऱ्या तळ्यांवर. कुणी कुणाला दोष दिला नाही. मेलेली बोय ट्रॅक्टरनं नेऊन ऑलिव्हच्या बागांच्या पलीकडे पुरली. त्यांच्या पोटांत गाबोळी होती.

एका दुपारी नेरिमान फडताळ आवरत होती. मागच्या वर्षीच्या गाबोळीची एक जोडी तिथे उरली होती, तहसीननी स्वतः मेण लावलेली. तिनं ती हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली.

“तुला माहीत होतं ना?” तिनं विचारलं. मागे वळली नाही.

इल्गिन टेबलाशी होती. खोटं बोलायला आता काही कारण उरलेलं नव्हतं. “हो.”

“किती दिवस?”

“बरेच.”

नेरिमाननं फडताळाचं दार लावलं. मग ते नीट लागलं का ते पुन्हा ओढून पाहिलं.

“मला सांगितलं असतंस तर मी उठले असते,” ती म्हणाली. “त्याच दिवशी. मीच बेदरीला म्हणाले असते, चालव. त्याचं काम मला ठाऊक नाही होय? पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर काढली. माझा नवरा तळ्यापेक्षा मोठा नव्हता. तोही तेच म्हणाला असता.” ती खाली बसली. “तू मला विचारलंच नाहीस, पोरी. तू आपलं ठरवलंस, की आईला झेपणार नाही.”

स्टोव्हवर पाणी उकळत होतं. बराच वेळ दोघींपैकी कुणी उठून ते उतरवलं नाही.

*

जानेवारीत थंडी पडली. वारा थांबला, आकाश निळंशार झालं आणि समुद्र ओढला, दर हिवाळ्यात ओढतो तसा. इल्गिन तेव्हा गावातच होती. इझमिरची नोकरी तिनं सोडली होती. तळ्यातलं पाणी ती अजून मोजत होती. प्राणवायू भरपूर होता. घेणारं कुणी नव्हतं, म्हणूनही असेल.

ती धक्क्यावर उभी होती. होड्या हळूहळू खाली जात होत्या. चहाखान्यात बसलेल्यांनी ते बघितलं. तळ्याच्या तोंडातून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं. नव्या पुलावर झडपा वर होत्या, कारण खाली टाकायला काही निमित्त नव्हतं.

कुणीच ओरडलं नाही. रुस्तेमचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग दुसरी. पेले टेबलावर ठेवून माणसं उठली आणि कबरस्तानाच्या चढणीला लागली. घराघरांतून बायका निघाल्या. कुणी धावत नव्हतं. टोपली कुणाच्याच हातात नव्हती. रुस्तेम शेवटी निघाला, किटलीखालचा गॅस बंद करून.

वर कबरस्तानाच्या भिंतीशी सगळे उभे राहिले. खाली चिखलाचे पट्टे उघडे पडले होते आणि त्यांवर बगळे उतरत होते. नेरिमान धाप लागलेली, इल्गिनच्या खांद्याला धरून उभी होती.

“काही येणार आहे का गं?” तिनं विचारलं.

आजूबाजूचे चार-पाच जण वळले. ते इल्गिनकडे बघत होते, मामासुद्धा. हवेचा दाब वाढला की समुद्र दबतो, एवढंच आहे हे, तिला ठाऊक होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळे खाली गेले असते. बायकांनी तिसऱ्या वेचल्या असत्या.

“मला वाटतं हे नेहमीचंच आहे,” ती म्हणाली. “जमीन हललेली नाही. आकाश निरभ्र आहे. पण नक्की येणार नाही, असं मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. खाली जायचं की नाही, तुम्ही ठरवा.”

नेरिमान तिथेच भिंतीला टेकली.

“मग थांबू या,” ती म्हणाली.

ते थांबले. पाणी तोंडातून समुद्राकडे वाहत राहिलं, दगडी खांबांच्या मधून, वर उचललेल्या झडपांखालून. इतकं स्वच्छ, की एवढ्या वरूनही त्याच्या तळाची वाळू दिसत होती.